अठराव्या किलोमीटरपाशी

निपाणी,
ता. १२ ऑगस्ट २०२४

ती. पारमिता आक्कास,
यशपालचा सप्रेम जयभीम. वि. वि.

या महिन्याचं पत्र जरा लवकर लिहितोय, कारण बातमी पोटात राहीना. काल कोल्हापूरला हाफ मॅरेथॉन पळालो. एकवीस किलोमीटर आणि वर थोडं. वेळ लागला दोन तास चौदा सेकंद. आक्का, चौदा सेकंद गं! दोन तासांच्या आत यायचं म्हणून तीन वर्षं पहाटेचा उठतोय, आणि हातातोंडाशी आलेलं असं गेलं. सोळाव्या किलोमीटरला बुटाची नाडी सुटली, ती बांधायला वाकलो, तिथंच गेले ते. युवराज म्हणाला की गाठ डबल मारायची असते हे पहिलीतल्या पोरालाबी कळतंय. युवराज म्हणजे आमचा कापड दुकानवाला. निपाणीतल्या आम्हा सहा-सात खुळ्यांना त्यानंच पळायला लावलंय.

तू विचारशील, पंचेचाळिशीला टेकलेल्या कारकुनाला हे खूळ कशाला. खरं सांगू? ऑफिसात वीस वर्षं झाली. अजून नवा साहेब आला की आधी आडनाव विचारतो आणि मग काम सांगतो. घड्याळ आडनाव विचारत न्हाय. जेवढा पळालास तेवढा पळालास, बास. एकदा, एकदाच मला त्या घड्याळात एक तास एकोणसाठ बघायचं हाय. मग पुन्हा न्हाय पळालो तरी चालेल.

रविवारी फोनवर आईच्या बीपीचंच बोललो, हे मुद्दाम पत्रासाठी राखलं. आप्पा जाऊन सहा वर्षं झाली, पण त्यांचा नियम आपण दोघांनी पाळलाय. एकतीस वर्षं लोकांची पत्रं दारोदार पोचवलेला पोस्टमन. त्यांचं म्हणणं असं की फोनवर माणूस समोरच्याला बरं वाटावं असं बोलतो, म्हणून महिन्याला एक पत्र लिहायचं आणि पत्रात खोटं लिहायचं न्हाय. आमच्या आरोहीला हे सांगितलं तर ती हसली. पंधरा वर्षांच्या पोरीला पत्र म्हणजे काय कळणार.

पुढची स्पर्धा १५ डिसेंबरला बेळगावात. कॅम्पातनं निघून हिंडलगा, सुळगा करत उचगाव फाट्याच्या अलीकडून माघारी. तुझ्या दारावरनंच की. रजा टाकून ठेव. आईला घेऊन येतो आदल्या दिवशी.

रचनाचा नमस्कार. माया हाय तशीच ठेव.

तुझा,
यशा

*

बेळगाव,
ता. २५ ऑगस्ट २०२४

चि. यशपाल यास,
जयभीम आणि मंगल कामना. वि. वि.

पत्र पोचलं. वॉर्डात डबा खाताना वाचलं आणि एकटीच हसले, तर नव्या सिस्टरला वाटलं बाईंना काय झालं. अरे, चौदा आकडा म्हणजे आपल्या घरात सणाचा आकडा. चौदा एप्रिलला आईनं आयुष्यभर गोडधोड केलं, आणि तुला तेवढा चौदाच नडावा? नाडी बांधता येत नसेल तर चप्पल घालून पळ.

थट्टा राहू दे. दोन तास चौदा सेकंद हे काय कमी न्हाय. आई तंबाखूच्या वखारीत उभं राहून खोकली, आप्पांनी पायांची कातडी झिजवली, म्हणून आज आपण हौसेनं पळतोय. तू पळतोस तेव्हा मला बरं वाटतं. हे फोनवर कधी बोलणार नाही.

तू तेव्हा नऊ वर्षांचा होतास, आठवतं का बघ. चिकोडीच्या मैदानावर माझी आठशे मीटरची शर्यत. शेवटच्या वळणापर्यंत मी पुढं होते. अनवाणी. टाचेत काच घुसली आणि मी थांबले. शंभर मीटर राहिले होते रे फक्त. आप्पांनी पिशवीतला फडका बांधला, आणि म्हणाले की थांबलीस ते बरं केलंस. त्यांनी चांगल्या मनानंच म्हटलं. पण नंतर नर्सिंगला गेले, लग्न झालं, मालक गेले, पस्तीस वर्षं उलटली, तरी ते वाक्य अजून टोचतंय. काचेचं विसरले कधीच.

तर रजा टाकलीय. अठराव्या किलोमीटरपाशी उभी राहीन. हिंडलग्याच्या अलीकडं जिथं रस्ता वळतो ना, तिथं. त्या टप्प्यात सगळ्यांचा दम निघतो असं तूच म्हणालास. केळं आणि मीठ-साखरेचं पाणी घेऊन निळ्या साडीत असेन, म्हणजे लांबून दिसेन.

आईला गोळ्या वेळेवर दे. रचना, आरोहीला आशीर्वाद. आठवण ठेवतोस तशी ठेव.

तुझी,
आक्का

*

निपाणी,
ता. ६ ऑक्टोबर २०२४

ती. आक्कास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

सप्टेंबरचं पत्र चुकलं, शिव्या घाल. सर्व्हेची कामं लई होती, आणि उरलेला वेळ पळण्यात. युवराजनं कागदावर तक्ता करून दिलाय. मंगळवारी वेगाचं, गुरुवारी तवंदीच्या घाटाचा चढ, रविवारी लांब पल्ला. गेल्या रविवारी संकेश्वरच्या दिशेनं सर्व्हिस रोडनं बावीस किलोमीटर गेलो. दहा किलोमीटरचा वेळ आता त्रेपन्न मिनिटांवर आलाय. म्हणजे दोन तासांच्या आत येतोय गं आक्का, कागदावर तरी आलोच हाय.

एक बारीकशी गोष्ट हाय, पत्र म्हणून सांगतोय. डाव्या जांघेत दुखतंय. तीन आठवडे झाले. आधी पळून आल्यावर दुखायचं, आता पळतानाच चालू होतं, दोन किलोमीटर गेलं की बधिर होतं मग काय वाटत न्हाय. रात्री कूस बदलताना जाणवतं. इथल्या डॉक्टरनं एक्सरे काढला, स्वच्छ हाय. स्नायू ताणला म्हणाला. रचना रोज शेकते आणि रोज बडबडते. युवराजला सांगितलं न्हाय. सांगितलं तर तक्ता काढून घेईल.

आई म्हणते, पाय हाईत का यंत्र. मी म्हटलं यंत्रच, आप्पांच्या कारखान्यातलं.

काळजी करू नकोस. दहा आठवडे राहिलेत. लोभ करतेस, तो असाच चालू दे.

तुझा,
यशा

*

बेळगाव,
ता. १३ ऑक्टोबर २०२४

चि. यशपाल यास,
जयभीम. वि. वि.

बारीकशी गोष्ट म्हणतोस? गाढवा, जांघेत दुखणं, पळताना दुखणं आणि झोपेत दुखणं, हे तिन्ही एकत्र आलं की त्याला बारीक म्हणत न्हाईत. एक्सरे स्वच्छ निघाला म्हणून नाचू नकोस. हाडाला बारीक चीर गेली असेल तर ती एक्सरेत सुरुवातीला दिसत न्हाय.

गेल्या महिन्यात खानापूरकडचा मष्णू म्हणून एक गवंडी आमच्या वॉर्डात आला. तीन आठवडे जांघेला तेल चोळत होता. एक्सरेत त्याच्याही काही नव्हतं. मी त्याला दारातून चालत येताना बघितलं. डाव्या पायावर भार आला की उजवीकडची कंबर खाली जायची, आणि तो खांदा टाकून सावरायचा. मी तिथंच डॉक्टरांना सांगितलं की या माणसाला आता एक पाऊल चालू देऊ नका. एमआरआयमध्ये खुब्याच्या हाडाच्या मानेला चीर निघाली. वेळेवर सापडली म्हणून तीन महिने झोपून सुटेल. दोन दिवस उशीर झाला असता तर हाड तुटून सरकलं असतं, आणि मग त्या हाडाच्या गोळ्याला रक्त पोचत न्हाय, तो आतल्या आत मरतो. सव्वीस वर्षं हाडांच्या वॉर्डात काढलीत यशा. चाल बघून मला हाड कळतं. तू समोर असतास तर तुलाही सांगितलं असतं, पण फोटोतून चाल दिसत न्हाय.

तर आता ऐक. एमआरआय होईपर्यंत एक पाऊल पळायचं नाही. कोल्हापूरला जा, की इकडं ये. चीर नसेल तर पळ खुशाल, मी स्वतः केळं घेऊन उभी राहीन. चीर असेल तर बारा आठवडे विश्रांती, आणि डिसेंबर विसरायचा. तोवर ऐकलं नाहीस तर मी आईला सांगेन, आणि त्या दिवशी रस्त्यावर येणार न्हाय.

तुझे चौदा सेकंद कुठं पळून जात न्हाईत. रागावले आहे हे कळलं असेलच. तरी तुझीच,

आक्का

*

निपाणी,
ता. १० नोव्हेंबर २०२४

ती. आक्कास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझ्या म्हणण्याप्रमाणे कोल्हापूरला जाऊन एमआरआय करून आलो. हाडाला काही नाही. स्नायूचा ताण आहे, असं डॉक्टर म्हणाले. मशीनमध्ये फार ठकठक होते, पाऊण तास हलायचं नाही म्हणाले. तीन आठवडे मी पळालो नाही, आता हळूहळू सुरू केलं आहे. दुखणं बरंच कमी आहे. डिसेंबरला पळायला हरकत नाही असं त्यांनी सांगितलं.

आई बरी आहे. ऊस तोडायला टोळ्या आल्यात, रस्त्यावर ट्रॉल्यांची गर्दी फार, त्यामुळं पहाटेच्या आत उरकून यावं लागतं. सहा डिसेंबरला विहारात वंदनेला जाऊ, मग चौदाला बेळगाव गाठू.

तुझ्या निळ्या साडीची वाट बघतो. कृपा असू दे.

तुझा,
यशपाल

*

बेळगाव,
ता. २४ नोव्हेंबर २०२४

चि. यशपाल यास,
जयभीम आणि मंगल कामना. वि. वि.

जिवात जीव आला बाबा. महिनाभर मी वॉर्डात कुणी जांघ धरून आला की तुझंच तोंड बघत होते. रिपोर्टचा फोटो पाठव असा मेसेज लिहिला होता. मग तो पुसला. पत्रात लिहिलंयस म्हटल्यावर कागद मागणं बरं दिसेना. आप्पांच्या नावानं चाललेल्या गोष्टीत एवढा संशय धरायचा म्हणजे नियमाचा काय उपयोग.

पत्र मात्र लईच आटोपशीर लिहिलंस. एरवी चार पानं फुशारकी मारतोस. ऑफिसातल्या अर्जासारखं वाटलं मला. कामाचा ताण असेल, धरून चालते.

आरोहीसाठी स्वेटर विणतेय. तुझ्यासाठी जाड मोजे घेतलेत आणि एक लांब नाडी, गाठ मारायला. वॉर्डातल्या सगळ्यांना सांगून ठेवलंय की माझा भाऊ पंधरा तारखेला दोन तासांच्या आत येणार. आता माझी लाज तुझ्या पायात आहे.

रचना आणि आरोही शेवटच्या रेषेपाशी थांबतील, मी आणि आई अठराव्या किलोमीटरपाशी. आईला खुर्ची नेते. ये लवकर.

तुझी,
आक्का

*

निपाणी,
ता. १९ जानेवारी २०२५

ती. आक्कास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

घरी आणून तीन आठवडे झाले. खाटेवर पडून पाठीला जखम होऊ नये म्हणून रचना दर दोन तासांनी कूस बदलते. खुब्यात तीन स्क्रू आहेत हे तुला सांगायला नको, तूच वॉर्डात होतीस. तू नऊ दिवस माझ्या खाटेशी बसलीस. सलाईन बदललंस, भांडं दिलंस, चमच्यानं पेज पाजलीस, पण त्या पायाकडं एकदाही बघितलं न्हाईस. ते मला लागलं. मला वाटलं तुला कळलंय. कळलं नसेल तर आता कळू दे, कारण पत्रात लिहिलेलं पत्रातच निस्तरायला हवं.

आक्का, मी एमआरआय केला न्हाय. कोल्हापूरला गेलतो हे खरं. नंबर हातात होता, चौथा. बाकावर बसून मी तुझं पत्र पुन्हा वाचलं. चीर असेल तर बारा आठवडे. तीन जण आत जाऊन आले आणि माझं नाव पुकारलं, तेव्हा मी चप्पल घालून बाहेर पडलो. स्टँडवर चहा घेतला आणि परत आलो. विश्रांतीबिश्रांती काही न्हाय, दुसऱ्या दिवशी घाट चढलो. ते पत्र लिहायला मला चार दिवस लागले. आप्पांच्या फोटोकडं पाठ करून लिहिलं.

पंधरा तारखेला पहाटे दुखणं मारायच्या दोन गोळ्या घेतल्या. बारा किलोमीटरपर्यंत मला पाय हाय हेच कळत नव्हतं, असा पळालो. मग गोळ्यांचा जोर ओसरला. प्रत्येक पावलाला जांघेत कुणीतरी खिळा ठोकतंय. सुळग्याच्या पुढं मी मनाशी ठरवलं. लई सरळ ठरवलं आक्का. निळी साडी दिसली की थांबायचं. तुझ्यापाशी जायचं, खुर्चीवर बसायचं, आणि काय ते सांगून टाकायचं. शिव्या खायच्या. तेवढ्यासाठी तीन किलोमीटर कसातरी आलो.

वळणावर तू दिसलीस. मी वेग कमी केला, हात वर केला, आणि तुझा आवाज आला. पळ यशा, थांबू नकोस, थोडंच राहिलंय, असं तू ओरडलीस. तुला इतक्या जोरात ओरडताना मी जन्मात ऐकलं नव्हतं. मी थांबलो न्हाय. पुढं चारएकशे मीटरवर, तो पेट्रोल पंप हाय ना, तिथं काडकन आवाज आला. मला आधी वाटलं कुणीतरी पायाखाली फांदी मोडली.

हे तुला दोष द्यायला लिहीत न्हाय. उलट तू मनाला लावून घेऊ नयेस म्हणून लिहितोय. तुला कुठं ठाऊक होतं? तू माझ्या पत्रावर विश्वास ठेवलास. खोटं मी लिहिलं. सगळं माझं हाय.

मला माफ करायचं का नाही ते तू ठरव. उत्तर मात्र दे.

तुझा,
यशा

*

निपाणी,
ता. २ मार्च २०२५

ती. आक्कास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं पत्र न्हाय. दर रविवारी फोन येतो, आईच्या गोळ्या विचारतेस, माझ्या जेवणाचं विचारतेस आणि ठेवतेस. मी पत्राचा विषय काढला की वॉर्डात बोलावतायत म्हणतेस. पत्र पोचलं नसेल असं क्षणभर वाटलं, पण आप्पांच्या लेकीचं पत्र हरवायला निपाणी-बेळगाव म्हणजे काय परमुलूख हाय का.

परवा एक्सरे झाला. तू सांगितलेलं तेच झालंय. खुब्याच्या हाडाच्या गोळ्याला रक्त पोचत न्हाय, तो वाळत चाललाय. स्क्रू काढून अख्खा खुबा बदलायचा म्हणतात, तुझ्याच हॉस्पिटलात, दोन एप्रिलला. त्यानंतर काठी न घेता चालता येईल, जिना जपून. पळायचं विचारलं तर डॉक्टरांनी न्हाय म्हणून पुढच्या पेशंटला हाक मारली. ऑफिसात मला तळमजल्यावरचं टेबल मिळणार हाय.

युवराज येऊन गेला. खाटेशी बसून रडला. मी त्यालाबी काही सांगितलं नव्हतं, त्यामुळं त्याला वाटतंय तक्ता चुकला. त्यानं निकालाचा कागद आणला होता. माझ्या नावापुढं वेळ न्हाय, शर्यत अपूर्ण असं लिहिलंय. पण बुटावरच्या चिपनं अठराव्या किलोमीटरची वेळ घेतलेली हाय. एक तास बेचाळीस मिनिटं पाच सेकंद. मी पडल्यापडल्या हिशेब घातला. त्याच वेगानं गेलो असतो तर एक तास एकोणसाठ मिनिटं एकोणचाळीस सेकंद. वीस सेकंद शिल्लक राहत होते गं.

तो कागद आरोहीनं कपाटात ठेवलाय. मला बघू देत न्हाय. परवा तिनं मला विचारलं की तुम्ही आत्याला पत्रात खोटं लिहिलं होतं का. रचनाकडनं कळलं असेल. मी व्हय म्हटलं. ती उठून गेली.

आक्का, शिव्या दे, पण पत्रात दे. मी वाट बघतोय.

तुझा,
यशा

*

बेळगाव,
ता. २३ मार्च २०२५

चि. यशपाल यास,
जयभीम. वि. वि.

तुझी दोन्ही पत्रं पोचली. पहिलं जानेवारीतच पोचलं होतं. मी उत्तर लिहिलं आणि फाडलं, असं पाच वेळा झालं. हे सहावं आहे, हे टाकणार.

तू लिहिलंस की तुला कुठं ठाऊक होतं. यशा, मला ठाऊक होतं.

तू वळणावरून दिसलास तेव्हा माझ्यापासून वीस-पंचवीस पावलांवर होतास. डाव्या पायावर भार आला की तुझी उजवी कंबर खाली जात होती आणि तू खांदा टाकत होतास. सव्वीस वर्षं मी तेच बघतेय. तिसऱ्या पावलाला मला कळलं की हाडाला चीर आहे, एमआरआय झालेला न्हाय, आणि तुझं पत्र खोटं आहे. तिन्ही एकदम कळलं. खुर्चीवरून आईसुद्धा म्हणाली की पोरगं लंगडतंय गं. आईला काय कळतंय हाडातलं, पण तिला दिसलं. मी तिला सांगितलं की लंगडत न्हाय, दमलाय.

पहिल्यांदा जे पत्र फाडलं त्यात मी लिहिलं होतं की माझ्या तोंडातून चुकून गेलं. दुसऱ्यात लिहिलं की गर्दीत नीट दिसलं न्हाय. ते खोटं आहे म्हणून फाडलं. चुकून गेलं न्हाय. माझ्या हातात घड्याळ होतं. एक तास बेचाळीस मिनिटं झाली होती. तू खाटेवर पडून केलास तो हिशेब मी तिथं उभ्या उभ्या केला. तीन किलोमीटर राहिलेत, साडेसतरा मिनिटं. मला वाटलं, साडेसतरा मिनिटं हाड टिकेल. एवढे दिवस टिकलं तर एवढंसं का टिकणार न्हाय. रेषा ओलांडली की लगेच उचलून वॉर्डात न्यायचं, तीन महिने झोपवायचं, मग खुशाल शिव्या घालायच्या. हे सगळं माझ्या डोक्यात आलं, आणि ते ठरवून मी ओरडले. तू हात वर केलास तो थांबण्यासाठी केलास हेही मला कळलं. म्हणूनच आणखी जोरात ओरडले.

का, असं तू विचारशील. मलाही माझी लाज वाटते. मी ज्या मैदानावर थांबले ते मैदान मला पस्तीस वर्षं सोडून गेलेलं न्हाय. तू वळणावर आलास तेव्हा मला तू दिसला न्हाईस रे. मला शेवटचे शंभर मीटर दिसले. आप्पा तिथं असते तर धावत रस्त्यात आले असते आणि त्यांनी तुला दोन्ही हातांनी धरलं असतं. थांबलास ते बरं केलंस, एवढंच म्हणाले असते. ते वाक्य माझ्यापाशी होतं. आपल्या घरात ते मलाच मिळालं होतं. मी तुला ते दिलं न्हाय.

नऊ दिवस तुझ्या पायाकडं बघितलं न्हाय ते याचसाठी. तू माझी माफी मागतोस, हे उलटं आहे. तुझं खोटं एका पत्रातलं आहे. ते तू निस्तरलंस. आरोहीला सांग, तिच्या बापानं पत्रात खोटं लिहिलं आणि पत्रातच खरं सांगितलं, त्यामुळं तिनं उठून जाऊ नये. आत्यानं काय केलं हे तिला सांगायचं का न्हाय, ते तू बघ. आईला मी स्वतः सांगणार आहे, ऑपरेशन झाल्यावर. आईनं मला लंगडतंय म्हणून सांगितलं होतं, आणि मी माहीत असून तिला गप्प केलं, हे तिला कळायला पाहिजे.

मष्णू परवा तपासणीला आला होता. काठी टाकून चालत आला. मला सफरचंदं घेऊन आला, म्हणाला सिस्टरबाईंनी वेळेवर ओळखलं. मी ती वॉर्डात वाटून टाकली.

दोन एप्रिलला तुला आमच्याच वॉर्डात ठेवतील. माझी ड्यूटी मी दुसरीकडं मागून घेतली आहे, कारण तुला खाटेवर पडून माझ्याकडून पाणी घ्यावं लागणं बरोबर न्हाय. तुला मी यायला हवी असेन तर रचनाकडून निरोप दे, मी दारात उभी असेन. नको असेन तरी मी खालीच असेन, त्या दिवशी रजा घेतली आहे. निळी साडी मी कुणाला तरी देऊन टाकली.

खाली नेहमीचं लिहायला हात उचलत न्हाय. लोभ मागण्यासारखं माझ्याकडं काही उरलेलं न्हाय. पत्र पोचलं, एवढं मात्र दोन ओळी लिहून कळव.

पारमिता